दवाखान्याचा धवला

निशा नापास झाल्याचं निकेशला कंटेनर यार्डाच्या गेटवर, कामावर असताना कळलं. कळल्यावर त्याने समोरच्या ट्रेलरवरच्या कंटेनरचा नंबर वाचून घेतला, पावतीवर शिक्का मारला आणि फाटक उघडायला सांगितलं. मग मागच्याचा नंबर घेतला. पोरीचा मेसेज एवढाच होता, 'तीन विषय राहिले.' त्याने 'बरं' असं लिहून पाठवलं. बाप म्हणून वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. वाटत नाही म्हणून तरी वाईट वाटायला हवं होतं, तेही नाही. किशोरी गेल्यापासून त्याचं सगळं असंच चाललं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसा हा अख्खा माणूस झाला होता.

किशोरी त्याची बायको. दिवाळी उलटल्यावर एका रविवारी सकाळी भाकऱ्या थापता थापता ती छाती धरून खाली बसली. "पित्त झालंय," असं पहिल्यांदा तीच म्हणाली. निकेशलाही ते पटलं. त्याची थोरली बहीण हौसा शेजारच्याच प्लॉटवर राहते, ती आली आणि तिनेही पित्तच ठरवलं. ओवा आणवला, पाणी पाजलं, पाठ चोळली. सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि आपल्याकडे एकमत झालं की माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात. रिक्षात घालून पनवेल गाठेपर्यंत ते पित्त नव्हतं हे सगळ्यांना कळून चुकलं, पण तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

निशा पनवेलला नर्सिंग शिकत होती, दोन वर्षांचा कोर्स, आणि हे पहिलं वर्ष. किशोरीनेच हट्टाने घातलं होतं. गाव विमानतळात गेलं, खाडीकाठचं खाजण गेलं, भाताची खाचरं गेली आणि बदल्यात आलेल्या प्लॉटवर लोकांनी मोठमोठी घरं उठवली. त्या घरांत बसून पोरींनी करायचं काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, किशोरीला पडला. आता फेरपरीक्षा होती पावसाळ्यात. तिथेही राहिली तर शाळा नाव कमी करणार होती, तसा त्यांचा नियमच. म्हणजे दार एकच उरलं होतं, आणि पोरगी त्या दाराकडे पाठ करून बसल्यासारखी बसली होती.

शाळेतून बोलावणं आलं. मुलांना अभ्यासाचं मार्गदर्शन करायला तिथे स्वानंद सर म्हणून एक तरुण नेमले होते. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की समोरच्याला जांभई गिळावी लागे. प्रत्येक विद्यार्थ्याची शिकण्याची रीत वेगळी असते, कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, हे त्यांनी निकेशला बराच वेळ समजावलं. मग निशाला मोबाइलवर एक चाचणी सोडवायला लावली. तुम्हाला चेहरा जास्त लक्षात राहतो की नाव, असले प्रश्न. निशाने जे बटण हाताला लागलं ते दाबलं, हे निकेशला शेजारी बसून दिसत होतं.

"बघून-वाचून शिकणारी आहे," सरांनी निकाल दिला. "तिला शांतता द्या. रंगीत पेन द्या. भिंतीवर तक्ते लावा." आणि मग कागद आवरता आवरता त्यांनी सहज विचारलं, "पहिल्या सहामाहीत चांगले मार्क होते की हिला. तेव्हा घरी कसा अभ्यास करायची?"

निकेशने आठवून पाहिलं. काहीच आठवेना. तो पाळीवरून येई, जेवे, झोपे. पोरगी अभ्यास करत असे म्हणजे कुठेतरी करत असेल.

"करायची चांगला," तो म्हणाला.

बधिर माणसाचा एक गुण असतो, तो सांगितलेलं सगळं करतो. निकेशने टेबल आणलं, दिवा आणला, सांगाड्याचा एक तक्ता आणून भिंतीवर ठोकला. हौसा संध्याकाळी याच घरात येऊन सीरियल बघत असे, तिचा टीव्ही बंद केला. घर आधीच गप होतं, ते आता मसणवट्यासारखं झालं. निशा टेबलाशी बसे आणि तांबड्या पेनाने एक ओळ, हिरव्याने दुसरी असं सगळं पुस्तक रंगवी. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. महिन्याने सरांनी सराव परीक्षा घेतली, तर पुन्हा तेच. सर फोनवर म्हणाले, "वाचते आहे, पण आत उतरत नाही."

दुपारची जेवणं चालली होती. हौसा उंबऱ्याशी बसून सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. भावाने टीव्ही बंद केल्याचा राग तिच्या पोटात होता, तो बाहेर आला.

"या घराला काय झालंय रे? आदी असा गप कवा व्हता? तुजी बायको व्हती तवा रोज धवला चालू असायचा."

"रोज?" निकेश म्हणाला. "लगीन कुनाचं व्हतं?"

"कसलं लगीन! दवाखान्याचा धवला. हाडांची नावा, रगताची वाट. किशोरी ओळ उचलायची, पोर पुरी करायची. पार आमच्या पडवीपर्यंत आवाज. तू कवा व्हतास घरान ऐकायला?"

धवला म्हणजे लग्नात बायकांनी म्हणायचं गाणं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो म्हणणारी धवलारीण. तिच्यापुढे भटजीलाही थांबावं लागतं. किशोरी लग्नाआधीपासून अशा एकीच्या मागे बसून साथ द्यायची. एकीने अर्धी ओळ उचलायची आणि थांबायचं, दुसरीने ती पुरी करायची. रात्रभर चालेल एवढं ते गाणं बायका अशाच शिकल्या, कागद न बघता. पोरीला वाचून काही राहत नाही असं दिसल्यावर किशोरीने ना कुणाचा सल्ला घेतला ना चाचणी, भाकरी थापता थापता पोरीची हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या सगळ्या नवरीच्या चालीवर बसवल्या. पोरीला मार्क पडले ते तिथून पडले होते.

"मंग बंद कवा झाला?"

"मीच बोलले पोरीला, तेराव्याच्या कार्याच्या दिवशी." हौसाने करंदीतला खडा उचलून बाहेर टाकला. "वरीसभर या घरान धवला नाय. मयताच्या घरान कोन मंगळ गाणी बोलतं काय?"

निकेश उठला आणि हात धुऊन आतल्या खोलीत गेला. निशा टेबलाशी होती. त्याने सरळच विचारलं. तीही सरळच बोलली, पेनाचं टोपण काढत-घालत.

"हां. आई अर्धं म्हणायची, मी पुरं करायची."

"मंग ते मनातल्या मनात म्हन ना. आत्याला कुठं ऐकू जातंय?"

"म्हणून बघितलं. पेपरात पण बघितलं. माझ्याकडे अर्ध्याच ओळी हायेत, पप्पा. सुरुवात आईकडं व्हती."

हे ऐकून कुठल्याही बापाच्या पोटात तुटलं असतं. निकेशने ते गेटवर नंबर ऐकावा तसं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन हौसाला जसंच्या तसं सांगितलं.

हौसा तोंडाने फाटकी, पण मनाने नाही. तिने सुपातली करंदी तशीच बाजूला ठेवली. "मी लग्नाच्या धवल्याला नाय बोलले व्हते. पोरीच्या अब्यासाला कोन नाय बोलंल? जी गेली ती काय पोर नापास व्हावी म्हनून वाट बघत बसलीय?" आणि सुतकाचा नियम ज्या तोंडाने घातला त्याच तोंडाने मोडून ती आत गेली. पोरीसमोर मांडी घालून बसली आणि आवाज लावला. मांडीच्या हाडापासून सुरुवात बरी झाली. गुडघ्यापर्यंत येईतो तिचं गाणं नवरीच्या पायाच्या हळदीत शिरलं, आणि एकदा हळदीत शिरलेली हौसा बाहेर कुठली यायला. निशा जरा हसली. पण ओळ काही तिने पुरी केली नाही. एकही नाही. आत्याने परवानगी दिली, चाल दिली, आवाजही दिला, तरी पोरगी गप्पच. हौसा हिरमुसून परत करंदीकडे आली.

आता आली का पंचाईत. निकेशने स्वानंद सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधीच्याच खात्रीने म्हणाले, "म्हणजे ऐकून शिकणारी आहे ती." चाचणीचं काय झालं ते निकेशने विचारलं नाही. पण पुढे सर जे बोलले ते मात्र उंटावरून शेळ्या हाकणं नव्हतं. म्हणाले, "एक सांगू का? चालीवर पाठ केलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पेपरात प्रश्न मधूनच येतो, तिथे चाल कोण लावून देणार? तिची आई अर्ध्यावर थांबायची आणि उरलेलं हिला आठवायला लागायचं, गुण त्या थांबण्यात होता. तुम्ही थांबा तसे."

"मला गाता येत नाय, सर."

"मग फारच छान. गाऊ नका. नुसतं विचारा, कुठूनही विचारा."

दुसऱ्या दिवसापासून निकेश पाळीवरून आला की चहा घेऊन ओटीवर बसे, पुस्तक मांडीवर घेई आणि जे पान उघडेल तिथून विचारायला लागे. आवाज गेटवरचाच, ना चढ ना उतार. निशा पहिले काही दिवस वैतागली.

"असं मधूनच नाय येत मला."

"गेटवर ट्रेलर काय नंबराने येतात? जो पुढं येल त्याचा घ्यायचा."

मग ती डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून पहिल्यापासून पुटपुटत यायची आणि हवी ती जागा आली की उत्तर मोठ्याने बोलायची. निकेश वाट बघत बसे. त्याला घाई नव्हती, कसलीच घाई नव्हती. बरोबर आलं की म्हणे "बरोबर," नाही आलं की पुस्तकातलं वाचून दाखवी आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारी. त्यात एक गंमत झाली. निकेशला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. 'धमनीतील रक्त दाबाने वाहते' असं वाचलं की तो विचारी, "म्हंजे काय?" निशाला ते पाठ होतं, म्हंजे काय हे माहीत नव्हतं. ती विचार करू लागे. मग कधी शेतातल्या जुन्या पंपाचं उदाहरण देई, कधी बापाचंच मनगट धरून नाडी मोजून दाखवी. निकेशला तिची बोटं मनगटावर लागत, एवढंच. पण हळूहळू पोरीच्या गुडघ्यावरचा ठेका थांबला. पुटपुटणं थांबलं. प्रश्न आला की उत्तर यायला लागलं, आणि तेही पुस्तकातलं नाही, तिच्या शब्दांतलं. हौसा भिंतीआडून ऐके आणि शेजारणींना सांगे की आमचा निकेश आता अर्धा डॉक्टर झाला.

पोरगी सुधारत होती हे निकेशला दिसत होतं. त्याचं त्याला समाधान वाटायला हवं होतं. वाटेल कधीतरी, असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडे.

एकच धडा राहत आला होता, प्रथमोपचाराचा. तो काढला की निशा म्हणे, "तो येतो मला, दुसरं विचार." निकेश दुसरं विचारी. पेपर परवावर आला तेव्हा विचारायला दुसरं काही उरलंच नाही. बाहेर पाऊस धरून होता, ओटीवर ओल आली होती, म्हणून दोघं आतच बसले. निकेशने तो धडा उघडला. भाजलं तर काय, त्याने विचारलं. साप चावला तर काय. फेफरं आलं तर काय. निशा बोलत गेली, तो "बरोबर" म्हणत गेला. पुढच्या पानावर एका रुग्णाचं वर्णन होतं, ते तो त्याच आवाजात वाचू लागला.

"छातीत मधोमध दाबल्यासारखी कळ. कळ डाव्या हातात, जबड्यात जाते. दरदरून घाम. मळमळ. रुग्णास बरेचदा पित्त झाल्यासारखे वाटते. ओळखा."

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय वाचलं ते त्याच्या कानावर आलं. समोरून उत्तर येईना.

"येत नाय?"

"येतं."

"मंग?"

निशा त्याच्याकडे बघत नव्हती. फरशीकडे बघत बोलली. "ही आईची ओळ व्हती. 'छातीन कळ येतं गो, डाव्या हातान जातं गो.' एवढं आई म्हणायची. 'घाम फुटला अंगाला गो, झटका आला काळजाला गो.' हे माझं. ती गेली त्याच्या आदल्या शुक्रवारी आम्ही ते म्हटलं व्हतं, भांडी घासताना. चांगलं जमलं म्हणून आईने परत म्हणायला लावलं."

पावसाचा आवाज येत होता. निकेशने पुस्तक मिटलं नाही.

"आन रविवारी ती माझ्यासमोर छाती धरून बसली, पप्पा. घाम आलेला मला दिसला. पदराने मीच पुसला. मला काय पन आठवलं नाय. तुम्ही सगळे पित्त बोललात, मी पळत जाऊन ओवा आणला. आईलापन नाय आठवलं. तिचीच ओळ व्हती ती, तरी नाय." मग अगदी हळू म्हणाली, "आमी नुसतं गात व्हतो."

पोरीला अडवत होता तो आत्याचा नियम नव्हता, घरातली शांतता नव्हती, बघून शिकणं नव्हतं की ऐकून शिकणं नव्हतं. पोरगी एवढे महिने हे एकटीने पोटात घेऊन रंगीत पेनांनी ओळी मारत बसली होती, आणि बाप गेटवर शिक्के मारत होता. तुझी चूक नाही असं म्हणावं, हे निकेशच्या तोंडाशी आलं. पण त्या घरात तेवढं एकच वाक्य सगळ्यांनी एकमेकांना पुरेपूर वाटलं होतं आणि त्याने कुणाचं काही हललं नव्हतं. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. तो जे रोज करत होता तेच त्याने केलं. पुस्तकावरून नजर काढली आणि प्रश्न परत विचारला, या वेळी आपल्या शब्दांत.

"बाईमानूस हाय. सकाळची येळ. छातीन दुखतंय बोलते. घाम फुटलाय. पित्त झालंय असं तीच बोलते, घरातले पन तेच बोलतात. तू हायेस थितं. काय करशील?"

निशाने मान वर केली आणि बोलू लागली, सावकाश, चालीविना.

"तिला चालू द्यायचं नाय. टेकून बसवायचं. अंगावरचं सैल करायचं. खायला-प्यायला काय द्यायचं नाय, ओवा नाय, पानी नाय. एकाला गाडीसाठी फोन करायला लावायचा, तोपर्यंत नाडी बघत राहायचं. श्वास थांबला तर छातीवर दाब द्यायचा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाय. आन पित्त झालंय असं कोन बोललं, तर ऐकायचं नाय. कुनाचंच ऐकायचं नाय. तिचं पन नाय."

इथे त्याने 'बरोबर' म्हणायचं होतं. रोज म्हणत होता.

"पप्पा, बरोबर का चूक?"

"बरोबर," निकेश म्हणाला, आणि रडला. किशोरीला खांद्यावर घेताना रडला नव्हता, कार्याला रडला नव्हता, तो आता मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून रडला. त्याला दुखत होतं, छातीपासून पोटापर्यंत सगळीकडे दुखत होतं. आवाज ऐकून हौसा डोक्यावर पोतं घेऊन धावत दाराशी आली, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता तिथेच उभी राहिली.

निशा रडली नाही. बापाच्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. त्याचं रडणं ओसरलं, त्याने बाहीने नाक पुसलं आणि मांडीवरचं पुस्तक नीट केलं.

"ते शेवटचं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कुनाचं ऐकायचं नाय म्हनून, ते पुस्तकात नाय."

"नाय, माहीत हाय," निशा म्हणाली. "पन मी लिहिणार हाय. पुढचं विचार."